पिंजऱ्यातला हात आणि ट्यूबवरचे तास

मागील अंकात याच सदरात हिवतापाविषयी लिहिताना ‘डासांच्या मलमाच्या ट्यूबवर छापलेले तास हे प्रयोगशाळेतील तास असतात’ असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली तितकी उरलेल्या संपूर्ण मजकुरावर आली नाहीत. म्हणून या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच निवडून, डासांना अंगापासून दूर ठेवणारी रसायने कशी शोधतात आणि कशी पारखतात एवढ्याच विषयावर उत्तरे देत आहे. शास्त्रीय लेखनात या रसायनांना ‘प्रतिकर्षक’ म्हणतात. डास मारणारे ते कीटकनाशक आणि डासाला परतवणारे ते प्रतिकर्षक, हा भेद पुढे वारंवार लागेल.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ कामानिमित्त रात्री जंगलात मुक्कामाला असतो. तो जे मलम लावतो त्यावर ‘८ तास संरक्षण’ असे छापलेले आहे, पण त्याला तीन तासांतच डास चावू लागतात. हे आठ तास कोण मोजतो आणि कसे मोजतो?
(एक वाचक, आरमोरी, जि. गडचिरोली)

उत्तर : हे तास माणूसच मोजतो, आणि तेही स्वतःचा हात भुकेल्या डासांच्या स्वाधीन करून. त्वचेवर लावायच्या प्रतिकर्षकांची चाचणी कशी घ्यावी याची मार्गदर्शक पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातील प्रयोगशाळेचा भाग समजायला सोपा आणि पार पाडायला अतिशय कंटाळवाणा आहे. प्रत्येक बाजू ३५ ते ४० सेंटिमीटर असलेला जाळीचा पिंजरा घेतात. त्यात प्रयोगशाळेतच वाढवलेल्या, पाच ते सात दिवसांच्या, नराशी मीलन झालेल्या पण आजवर एकदाही रक्त न प्यायलेल्या २०० ते २५० माद्या सोडतात. नर सोडण्यात अर्थ नसतो, कारण ते रक्त पीतच नाहीत. खोलीचे तापमान २७ अंश सेल्सियसच्या आसपास आणि हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास राखतात. म्हणजे पावसाळ्यातल्या आपल्या ओसरीवर असते तशीच हवा.

ज्याचा हात आत जायचा असतो त्या स्वयंसेवकाने आदल्या बारा तासांत तंबाखू, अत्तर, सुगंधी तेल यांपैकी काहीही वापरायचे नसते. हात वास नसलेल्या साबणाने धुऊन नंतर अल्कोहोलने पुसतात, पंजावर डासाची सोंड शिरणार नाही असा हातमोजा चढवतात आणि कोपर ते मनगट एवढाच भाग उघडा ठेवतात. आधी औषध न लावलेला हात आत घालतात. तीस सेकंदांत किमान दहा डास त्यावर उतरले नाहीत तर त्या पिंजऱ्यावर चाचणी घेत नाहीत. ही अट फार महत्त्वाची आहे, कारण ज्या डासांना मुळात भूकच नाही त्यांनी चावले नाही याचे श्रेय औषधाला देता येत नाही. मगच सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर त्वचेवर बरोबर एक मिलिलिटर द्रव सारखा पसरतात, अर्धा तास थांबतात आणि हात तीन मिनिटांसाठी आत घालतात. पुढे दर अर्ध्या तासाने तीन मिनिटे, असे आठ-आठ तास चालते. ज्या वेळी पहिला डास उतरतो किंवा सोंड टोचून पाहतो, त्या वेळी घड्याळ थांबते. तेवढ्या काळाला ‘पूर्ण संरक्षणकाळ’ म्हणतात. नवे रसायन एकटे तपासत नाहीत. त्याच्याबरोबर अल्कोहोलमध्ये मिसळलेले २० टक्क्यांचे डीट हे जुने, माहितीचे रसायनही तपासतात, म्हणजे तुलनेला काही आधार राहतो.

आता आपल्या भावाचे तीन तास आणि ट्यूबवरचे आठ तास यांतील तफावत पाहू. पिंजऱ्यासमोर बसलेला माणूस घामाघूम झालेला नसतो, त्याच्या हातावर पिशवीचा पट्टा घासत नाही, तो पाण्यात उतरत नाही आणि दर दहा मिनिटांनी बाहीने हात पुसत नाही. त्याला लावलेला द्रव मोजून लावलेला असतो. आपण घरी मलम लावतो ते किती लावतो, याचा एकदा प्रामाणिकपणे विचार करावा. ६०० चौरस सेंटिमीटरला एक मिलिलिटर या हिशेबाने दोन्ही हात, दोन्ही पाय आणि मान झाकायची म्हटली तर लहान ट्यूब काही दिवसांतच संपायला हवी. आपल्या घरांत ती महिनोन्‌महिने पुरते.

दुसरे कारण डासांच्या जातीत आहे. प्रयोगशाळांचा लाडका डास एडिस इजिप्ती हा आहे, जो डेंग्यू पसरवतो. त्याची अंडी कागदावर वाळवून महिनोन्‌महिने ठेवता येतात आणि हवी तेव्हा पाण्यात टाकून अळ्या मिळवता येतात. शिवाय तो दिवसाढवळ्या, कार्यालयीन वेळेत चावतो. हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलीसची अंडी असे वाळवणे सोसत नाहीत, त्यामुळे त्याची वसाहत पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालू ठेवावी लागते, आणि तो रात्रीचा असल्याने त्याची चाचणी मंद उजेडात, दिवस-रात्रीचे चक्र उलटे करून घ्यावी लागते. परिणामी, बाजारात सांगितले जाणारे पुष्कळसे तास एडिसवर मोजलेले असतात. सर्व ॲनोफिलीसही एकसारखे नाहीत. मध्य अमेरिकेतला ॲनोफिलीस अल्बिमॅनस डीटला फारशी दाद देत नाही, हे जुने आणि अनेकदा पडताळलेले निरीक्षण आहे.

येथे पिंजऱ्याची बाजूही मांडली पाहिजे. हातभर पेटीत दोनशे भुकेल्या माद्या असण्याची वेळ खऱ्या जंगलातही क्वचितच येते, आणि एवढ्या डासांपैकी सर्वांत धीट किंवा सर्वांत मंद नाकाचा एक डास उतरला तरी परीक्षा संपते. म्हणजे काही बाबतींत पिंजरा जंगलाहून कठोर असतो आणि काही बाबतींत फारच मवाळ. म्हणून ट्यूबवरचा आकडा खोटा म्हणण्याऐवजी मी त्याला ‘अमुक डास, अमुक मात्रा, अमुक खोली’ यांचे उत्तर म्हणतो. हा आकडाही अनेक स्वयंसेवकांच्या वेळांवरून काढलेला असतो, आणि त्यांच्यातील काहींचा हात दोन-तीन तासांतच चावला गेलेला असू शकतो.

आपल्या भावाने तीन तासांचा स्वतःचा अनुभव प्रमाण मानून त्याच्या आत मलम पुन्हा लावावे, आणि घोटे व पावले विसरू नयेत. बसलेल्या माणसाच्या पायांकडे डास आधी वळतात, आणि मलम लावलेल्या जागेपासून चार बोटांवर उघडी त्वचा राहिली तर ते तेथे खुशाल चावतात.

प्रश्न : नवे प्रतिकर्षक रसायन सापडते कसे? ऐंशी वर्षांपूर्वीचे डीट अजूनही सर्वत्र का आहे? विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी विचारते.
(एक विज्ञानशिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : या विषयाचा बराचसा इतिहास युद्धाने लिहिला आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत सैनिकांकडे सिट्रोनेला तेलासारखी सुगंधी तेले होती. दुसऱ्या महायुद्धापूर्वी डायमिथाइल थॅलेट आणि इथाइल हेक्सेनडायॉल ही दोन द्रव्ये पुढे आली. पॅसिफिक आणि ब्रह्मदेशाच्या आघाड्यांवर हिवतापाने गोळ्यांहून अधिक माणसे आडवी होऊ लागली, तेव्हा अमेरिकी कृषी विभागाने फ्लोरिडातील ऑरलँडो येथील प्रयोगशाळेत रसायनांची अक्षरशः रांग लावली. कारखान्यांतून, विद्यापीठांतून, कोणाच्याही कपाटातून मिळेल ते रसायन घ्यायचे, कापडाला किंवा हाताला लावायचे आणि डासांपुढे धरायचे, अशी ती पद्धत होती. पुढच्या काही दशकांत, प्रयोगशाळा गेन्सव्हिलला हलल्यानंतरही, ही रांग वीस हजारांच्या पुढे गेली. या शोधातून हाती लागलेले सर्वांत टिकाऊ नाव म्हणजे डीट. ते १९४४ मध्ये तयार झाले, १९४६ मध्ये सैन्याच्या वापरात आले आणि १९५७ पासून सर्वसामान्यांना मिळू लागले.

वीस हजारांतून मोजकीच का टिकली, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. चांगल्या प्रतिकर्षकाकडून आपण परस्परविरोधी अपेक्षा ठेवतो. ते हवेत उडाले पाहिजे, नाही तर डासाला त्वचेजवळ येताना त्याची वाफ लागणार नाही; पण फार लवकर उडता कामा नये, नाही तर तासाभरात हात कोरा होतो. ते त्वचेवर चिकटून राहिले पाहिजे, पण त्वचेतून रक्तात शिरता कामा नये. त्याला वास नसावा, ते तेलकट नसावे, स्वस्त असावे, आणि दोन महिन्यांच्या बाळाच्या पायाला लागले तरी काही होऊ नये. डास परतवण्याच्या कसोटीवर उतरलेली कित्येक रसायने या दुसऱ्या यादीत गळतात. वर उल्लेखिलेले इथाइल हेक्सेनडायॉल चांगले काम करीत असे; परंतु गर्भाच्या वाढीवर त्याचा विपरीत परिणाम होऊ शकतो अशा शंकेचे पुरावे पुढे आल्यावर अमेरिकेत १९९१ मध्ये त्याची नोंदणी बंद झाली. बाजारात आल्यानंतर अर्धशतकाने, हेही लक्षात घ्यावे. म्हणूनच नव्या रसायनाला डासांच्या पिंजऱ्यापेक्षा विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत अधिक वर्षे काढावी लागतात. त्वचा, डोळे, फुप्फुसे, यकृत, गर्भ, दीर्घकाळ वापर, या प्रत्येकाची निराळी परीक्षा असते आणि खर्चही तेथेच होतो. ज्या देशांत हिवताप आहे तेथील गिऱ्हाइकाच्या खिशातून तो वसूल होत नाही. मला विचाराल तर डीटच्या दीर्घायुष्याचे अर्धे कारण हे आहे.

डीटमध्ये दोषही आहेत. घड्याळाची काच, चष्म्याची दांडी, पेनाचे टोपण असे काही प्लास्टिक ते मऊ करते, हे ज्यांनी वापरले आहे त्यांना ठाऊक असेल. नंतर आलेल्या द्रव्यांत मर्क कंपनीचे आयआर३५३५ हे १९७० च्या दशकातले, तर बायरचे आयकॅरिडिन (त्यालाच पायकॅरिडिनही म्हणतात) १९८० च्या दशकातले. आयकॅरिडिन प्लास्टिकला धक्का लावत नाही, त्याचा वासही जाणवत नाही आणि परिणामात ते डीटच्या बरोबरीला बसते. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारे पीएमडी चीनमध्ये आधीपासून वापरात होते.

भारतापुरते सांगायचे तर ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास प्रयोगशाळेने डेपा, म्हणजे डायइथाइल फिनाइल ॲसिटामाइड, विकसित केले. डीटसाठी लागणारा मूळ कच्चा माल देशात मिळत नव्हता, म्हणून मिळणाऱ्या मालातून तितकेच प्रभावी द्रव्य बनवणे हा त्यामागचा हेतू होता. आपल्या दुकानांतील नेहमीच्या क्रीमच्या ट्यूबवर डायइथाइल बेंझामाइड हे आणखी एक नाव वाचायला मिळेल. तेही याच कुटुंबातले.

आता रांग लावण्याची जागा गणिताने घेतली आहे. ऑरलँडोच्या काळापासून साठलेल्या वह्या वाया गेल्या नाहीत. फ्लोरिडातील रसायनशास्त्रज्ञ आणि कृषी विभागाचे कीटकशास्त्रज्ञ यांनी त्या जुन्या नोंदींवरून, रेणूची कोणती घडण किती काळ डास रोखते हे संगणकाला शिकवले, त्याने सुचवलेल्या दिशेने ३४ रेणू हाती घेतले आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कापडावर लावल्यावर त्यांतील सर्वोत्तम रेणू ७३ दिवसांपर्यंत डास रोखत होता, तर डीट सरासरी साडेसतरा दिवस. या कापडाच्या चाचणीत रसायन भिजवलेली मलमलीची पट्टी हातावर बांधून पाचशे डासांपुढे मिनिटभर धरतात आणि शंभरात एक, म्हणजे पाच डास चावले की ते रसायन नापास होते. ७३ दिवसांचा आकडा वर्तमानपत्रांना फार आवडला. परंतु कापड आणि त्वचा यांत फरक असतो. कापड घाम गाळत नाही आणि रसायन रक्तात ओढूनही घेत नाही, त्यामुळे विषशास्त्राची सारी यादी त्यानंतर सुरू होते. अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२० मध्ये, अमेरिकेत नूटकॅटोन या द्रव्याची नोंदणी झाली. चकोतऱ्याच्या जातीच्या ग्रेपफ्रूट या फळाच्या सालीत आणि अलास्कातील एका देवदारवर्गीय झाडात ते असते, आणि खाद्यपदार्थांत व अत्तरांत ते आधीपासून वापरात असल्याने त्याच्याविषयी बरीच माहिती हाताशी होती.

प्रश्न : डीटमुळे डासाला नेमके काय होते? आणि चाचणीसाठी माणसाचाच हात का लागतो, एखादे यंत्र का चालत नाही?
(एक पदवी विद्यार्थी, पणजी)

उत्तर : आपला दुसरा प्रश्न पहिल्याच्या उत्तरातूनच सुटतो. डास मारणारे औषध तपासायला माणूस लागत नाही. बाटलीच्या आत लेप द्यायचा, डास सोडायचे आणि ठरावीक वेळाने मेलेले मोजायचे. प्रतिकर्षकाच्या बाबतीत मोजायचे असते ते मन बदलणे. डास आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, त्वचेचा वास, ऊब आणि ओलावा या सगळ्यांचा माग काढत येतो. यांतले एक जरी नसले तरी तो माणसावर आल्यासारखा वागत नाही, आणि मग तो परतला तो औषधामुळे की मुळात आमिष अपुरे होते म्हणून, हे सांगता येत नाही.

डीट कसे काम करते याविषयी शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद आहे. त्याचा वास डासाला नकोसा होतो असे एका गटाचे म्हणणे. ते आपल्या त्वचेचा वास झाकते किंवा वास ओळखणाऱ्या पेशींत गोंधळ उडवते असे दुसऱ्याचे. २०१३ मध्ये वास घेण्याची एक मूलभूत यंत्रणाच बंद पाडलेल्या एडिस डासांवर प्रयोग झाला. ते डीट लावलेल्या हाताकडे बेधडक आले, पण हातावर टेकताच उडून गेले. पुढे २०१९ मध्ये दिसून आले की ही स्पर्शाची जाणीव त्यांना पायांनी होते; आपण जिभेने चव घेतो तशी डास पायांनी घेतो म्हणा. त्याच वर्षी आफ्रिकेतील ॲनोफिलीसवर झालेल्या अभ्यासात त्या डासाला डीटचा वासच येत नसल्याचे आढळले. त्याच्या बाबतीत डीट आपल्या त्वचेतून उडणाऱ्या गंधांनाच दाबून ठेवते, म्हणजे माणूस त्याच्या नाकाला दिसेनासा होतो. एडिसवर उत्तम ठरलेले नवे रसायन ॲनोफिलीसवर वेगळे का वागू शकते, याचे हे सर्वांत चांगले स्पष्टीकरण आहे. आपल्या पणजीत आणि मुंबईतही शहरी हिवताप ज्याच्यामुळे पसरतो तो ॲनोफिलीस स्टिफेन्सी टाक्यांत, विहिरींत, बांधकामावरच्या साठलेल्या पाण्यात वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत चाचणीसाठी सुचवलेल्या डासांमध्ये तोही आहे, तेव्हा भारतात विकायचे रसायन निदान त्याच्यावर तपासलेले असावे अशी अपेक्षा गैर नाही.

यंत्रांचे प्रयत्न झाले आहेत. कातड्यासारख्या पडद्याखाली ऊबदार रक्त ठेवून, तापवलेल्या पृष्ठभागावर वास लावून, किंवा दोन फाट्यांच्या नळीत वारा सोडून डास कोणीकडे वळतो ते पाहून प्राथमिक निवड करता येते. सहा खणांची एक लहान प्लास्टिकची पेटीही आहे, जिचे तळ उघडताच प्रत्येक खणातले मोजके डास त्याखालच्या वेगवेगळ्या रसायनावर बसतात. एकाच वेळी पाच नवी द्रव्ये आणि एक कोरा खण. शेकड्यांतून दहा निवडायला हे पुरते. दहांतून एक निवडताना हात लागतोच.

शेवटची परीक्षा तर उघड्यावर असते. संध्याकाळपासून रात्रीपर्यंत स्वयंसेवक पाय उघडे टाकून बसतात. कोणाच्या पायाला नवे द्रव्य, कोणाच्या डीट, कोणाच्या नुसते अल्कोहोल. पायावर उतरलेला डास चावायच्या आत टॉर्चच्या उजेडात काचेच्या नळीत तोंडाने ओढून घ्यायचा आणि तासवार डब्यात टाकायचा. काही माणसे डासांना मुळातच अधिक आवडतात आणि काही जागा डासांच्या वाटेवर असतात; म्हणून रोज माणसे आणि जागा ठरावीक क्रमाने आलटून-पालटून बसवतात, नाही तर औषधाचा गुण कोणता आणि माणसाचा कोणता हे वेगळे करता येत नाही.

हे धोक्याचे आहे का? प्रयोगशाळेतील डास रोगमुक्त असतात, तेथे खाज सोडली तर भय नाही. उघड्यावर मात्र डास खरे असतात. त्यामुळे नैतिक समितीची संमती, स्वयंसेवकाची समजून-उमजून दिलेली लेखी परवानगी आणि हिवतापप्रतिबंधक औषध या गोष्टी त्यात येतात. पश्चिम केनियात असे औषध घेऊन डास पकडणाऱ्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांना हिवताप होण्याचे प्रमाण त्याच गावांतील इतरांपेक्षा सुमारे ९७ टक्क्यांनी कमी आढळले. जेथे परजीवी औषधांना दाद देत नाहीत तेथे हा दिलासा लागू नाही. काही शास्त्रज्ञांना ही पद्धतच बंद व्हावी असे वाटते, आणि त्यांचे म्हणणे मला अगदी टाकाऊ वाटत नाही.

प्रश्न : कडुनिंबाचे तेल, सिट्रोनेला, मुलांच्या मनगटात घालायचे सुगंधी पट्टे, कॉइल, यांतले काय उपयोगी आहे?
(एक गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : २००२ मध्ये अमेरिकेत बाजारातील अनेक उत्पादने एकाच पिंजऱ्याच्या पद्धतीने, एडिसवर तपासली गेली. २३.८ टक्के डीटने सरासरी ३०१.५ मिनिटे, म्हणजे पाच तासांहून थोडे अधिक, संरक्षण दिले. सोयाबीन तेलावर आधारलेल्या एका उत्पादनाने सुमारे ९५ मिनिटे निभावून नेले. सिट्रोनेलाची बहुतेक उत्पादने वीस मिनिटांच्या आत संपली. मनगटाच्या पट्ट्यांनी काहीच संरक्षण दिले नाही, मग त्यांत डीट का असेना. कारण वर म्हटल्याप्रमाणे प्रतिकर्षक लावले तेथेच काम करते आणि डास मनगट सोडून कोपराकडे जातो. वनस्पतिजन्य तेले वाईट नसतात; ती लवकर उडून जातात एवढेच, आणि दर अर्ध्या तासाने लावण्याची तयारी असेल तर त्यांचा उपयोग होतो. वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक असे मात्र समजू नये. निलगिरीपासून मिळणाऱ्या पीएमडीच्या वेष्टनावर अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांना लावू नये असा इशारा असतो, तर डीट दोन महिन्यांवरील बाळांना, हाताचे पंजे, डोळे आणि तोंड टाळून, तेथील बालरोगतज्ज्ञ चालवून घेतात. कॉइल आणि विजेवरचे द्रव ही निराळी गोष्ट आहे. त्यांत ॲलेथ्रिन, ट्रान्सफ्लूथ्रिन यांसारखी कीटकनाशके असतात, जी थोड्या मात्रेत डासाला भोवळ आणून दूर ठेवतात. कॉइलचा धूर बंद खोलीत रात्रभर घेणे मी कोणालाही सुचवणार नाही.

प्रश्न : आमच्या पाड्यांवर प्रत्येक घरी मलमाच्या ट्यूब वाटल्या तर हिवताप कमी होईल का? चाचणीत पास झालेले औषध आहे, मग अडचण कोठे आहे?
(एक आरोग्यसेविका, जव्हार)

उत्तर : आलेल्या पत्रांत मला सर्वाधिक विचार करायला लावणारा प्रश्न हाच आहे. डास चावला नाही म्हणजे हिवताप टळला, हे एका माणसाच्या बाबतीत खरे आहे. गावाच्या बाबतीत तसे होते का हे पाहण्यासाठी निराळ्या चाचण्या झाल्या. त्यांत काही गावांना किंवा घरांना प्रतिकर्षक आणि काहींना बिनऔषधी लोशन किंवा काहीच नाही, असे वाटून पुढे महिनोन्‌महिने रक्ततपासणी करतात.

निकाल एका सुरात नाहीत. पाकिस्तानातील अफगाण निर्वासितांच्या वस्तीत डीट व परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेला साबण अंगाला लावणाऱ्यांमध्ये हिवतापाच्या दोन प्रमुख प्रकारांपैकी फॅल्सिपेरमचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले, व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकारात मात्र फारसा फरक पडला नाही. व्हायवॅक्सचे परजीवी यकृतात दडून महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात आणि त्या जुन्या संसर्गाला कोणतेही मलम रोखू शकत नाही, हे त्याचे एक कारण असावे. बोलिव्हियाच्या ॲमेझॉन भागात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मच्छरदाणीच्या जोडीला पीएमडी वापरणाऱ्यांत व्हायवॅक्स ८० टक्क्यांनी घटला. तेथील ॲनोफिलीस डार्लिंगी हा डास लोक अंथरुणात शिरण्यापूर्वीच, संध्याकाळी चावतो; मच्छरदाणीने न झाकलेली नेमकी ती वेळ प्रतिकर्षकाने झाकली. याउलट लाओसमध्ये १५ टक्के डीटने काही फरक दिसला नाही. कंबोडियाच्या रतनकिरी प्रांतात २०१२-१३ मध्ये पायकॅरिडिन मोठ्या प्रमाणावर गावोगाव मोफत वाटले गेले, तरी हिवतापात लक्षणीय घट सिद्ध झाली नाही.

कंबोडियातील रसायन निकामी नव्हते; तेथील डासांवर ते उत्तम काम करते हे आधीच तपासले होते. लोकांना विचारले तर बहुतेकांनी वापरतो असे सांगितले. परंतु संशोधक वस्तीवर राहून पाहू लागले, तेव्हा रोज लावणारे त्या मानाने फारच थोडे निघाले. शेतावरून अंधारात परतलेला माणूस हातपाय धुतो, चुलीशी बसतो, शेजाऱ्याकडे जातो. त्यात मलम आठवणीने लावायचे ते कधी? ज्या चाचण्या यशस्वी झाल्या त्यांत बहुधा कोणीतरी वारंवार घरी जाऊन आठवण करून देत होते. पिंजऱ्याच्या चाचणीत ती आठवण घड्याळ करून देते आणि एक मिलिलिटर शास्त्रज्ञ मोजतो. पाड्यावर ही दोन्ही माणसे नसतात.

म्हणून सरसकट वाटपाऐवजी मी आपल्याला दोन गोष्टी सुचवेन. कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी ही पाया म्हणून राहू द्यावी, कारण ती एकदा बांधली की कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. आणि ट्यूब त्यांनाच द्याव्यात ज्यांना रात्री मच्छरदाणीत झोपता येत नाही: शेताची राखण करणारे, मासे धरायला जाणारे, वीटभट्टीवर स्थलांतर करणारे, जंगलात मुक्काम करणारे. वाटण्यापूर्वी पाड्यावरच्या डासांची चावण्याची वेळ जिल्हा हिवताप कार्यालयातील कीटक समाहारकाकडून, म्हणजे डास गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्याकडून, समजून घ्यावी; चावे मध्यरात्रीनंतरचे असतील तर संध्याकाळच्या मलमाचा खर्च व्यर्थ जाईल. आणि वाटल्यानंतर महिन्याने वापराचा अहवाल लिहायची वेळ येईल, तेव्हा घरोघरी ‘लावता का’ असे विचारू नये, त्याला सगळे होच म्हणतील. एखाद्या संध्याकाळी सात-साडेसातला न सांगता फेरी मारावी आणि किती जणांचे पाय हाताला तेलकट लागतात ते मोजावे.